सुटलेला हात

बसस्टॉपवर एका माणसाने लेकीचं मनगट धरलं, तेव्हापासून ती कराटेच्या वर्गाला जाते. काल घरी सरावाला तिने माझ्यापुढे हात केला. "आई, घट्ट धर." मी सगळा जोर लावला. माझ्या अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन ती क्षणात सुटली. मला बरं वाटलं. तेवढ्यात तिने तोच हात पुन्हा पुढे केला. वर्गात तशीच पद्धत आहे, सुटलं की पुढच्या फेरीसाठी हात द्यायचा.

"अगं, सुटलीस की पळायचं."

"माहितीये गं. धर ना."

लहानपणी ही पाहुण्यांना बघून मागे सरकायची. "काकांना हात दे," म्हणून मीच दटावायचे.

ती हात पुढे करून उभी होती. मला तो धरवेना.