दोन थेंब, खोबरेलात

घुग्घुसच्या कोळसाखाणीत काम करणाऱ्या मुखरूच्या पायांना गमबुटात पाणी मुरून चिखल्या झाल्या. बरे होईपर्यंत येऊ नको, म्हणून साहेबाने त्याला घरी बसवलं. शिक्षा झाली ती त्याच्या बायकोला, सुगंधाबाईला. तो ड्युटीवर असायचा तेवढाच वेळ घर तिचं असायचं. आता तो दिवसभर खाटेवर पडून तिच्या भाजीला, चालण्याला, माहेराला नावं ठेवू लागला.

तिच्याकडे टी ट्री नावाच्या जंतुनाशक तेलाची लहान बाटली होती. फरशी पुसायच्या पाण्यात, केसांतल्या कोंड्यावर ती त्याचे थेंब वापरायची.

"खोबरेलात दोन थेंब टाकून पायाले लावा," ती म्हणाली.

"तुह्या हातचं काई नाई लावत मी."

पण ती अंगणात जाताच त्याने अर्धी बाटलीच सोललेल्या बोटांवर ओतली. त्याची बोंब ऐकून शेजारीण धावली.

"जहर ठेवलं इनं घरात!" मुखरू तिला म्हणाला.

"जहर असतं तं बोंबलाले उरले असते का तुमी?" सुगंधाबाईने त्याचे पाय धुतले. आग शमल्यावर उरलेलं तेल खोबरेलात मिसळून ती रोज त्याच्या बोटांच्या बेचक्यांत लावू लागली.

"किती जीव हाय बाई तुहा नवऱ्यावर!" शेजारीण म्हणाली. सुगंधाबाईने त्याचे गमबूट उन्हात वाळत ठेवले.

पाय सुकले आणि मुखरू बूट चढवून कामावर गेला, त्या सकाळी तिने शेवटचे थेंब बादलीत टाकले आणि आधी त्याच्या खाटेखालची जागा पुसून काढली.