राख कोण काढणार?

आमचे फिजिक्सचे सर ज्याच्यावर चिडले नाहीत असा माणूस त्या काळी अख्ख्या नागपुरात नव्हता. असलाच तर तो नुकताच स्टेशनावर उतरलेला असणार. सर उन्हावर चिडत, खडूवर चिडत, संत्र्यातल्या बियांवरही चिडत. पण त्यांचा खरा, जपून वाढवलेला राग हेलियमवर होता. सूर्यासारखी आग चुंबकाच्या कुंपणात कोंडून तिच्यावर वीज करायची, या कल्पनेनं सत्तरच्या दशकात भलेभले भारावले होते. सर मात्र फळ्यावर डस्टर आपटून ओरडत, "आग लावाले सारेच तयार आहेत! त्या आगीतून हेलियम निघते, तेच तिची राख. ते कुंपणातच अडकते, इंधनाची जागा खाते अन् आग विझवते. ते राख कोण काढन? तुझा बाप?" माझे वडील पोस्टात होते, पण सरांना उत्तर नको असे.

एकदा एप्रिलच्या भर दुपारी ते घरची पेटती शेगडी वर्गात घेऊन आले. तिचं खालचं तोंड विटेनं बुजवलं आणि घाम पुसत राख साचू दिली. निखारे मंदावले तशी स्वारी खुलली. तेवढ्यात सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात उभ्या! "वरण अर्धं कच्चं आहे, अन् शेगडी काहून उचलून आणली?" त्यांनी वीट काढली, राख खाली पाडली आणि फुललेली शेगडी घेऊन चालत्या झाल्या. सर त्यांच्यावर चिडायचंच विसरले. "पाहा बे! आग न विझवता राख काढली. असंच दार पाहिजे!"

त्या दारापायी त्यांनी तीन वर्षं घालवली. कडेच्या चुंबकरेषा बाहेर वळवायच्या आणि राख बाजूच्या खोलीत नेऊन पंपानं ओढायची, अशी योजना वहीभर लिहिली. संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी समितीनं ती पाच मिनिटांत परत केली. "आधी चूल तर पेटू द्या," म्हणून ते लोक हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. सर एवढंच म्हणाले, "चूल मांडतानाच राखेचं पाहतात, साहेब. तुमच्या घरी स्वयंपाक होते का नाही?" त्यानंतर ते चिडेनासेच झाले, आणि ते आम्हांला अधिक असह्य झालं.

दहाएक वर्षांनी एका परदेशी मासिकात वाचलं, की तिकडच्या मोठ्या यंत्रवाल्यांनाही आता राखेचीच काळजी लागली आहे. सायकल हाणत सरांकडे गेलो. त्यांची नजर गेली होती, म्हणून वाचून दाखवलं.

"म्हणजे अजून निघाली नाही?"

"नाही, सर."

"मग इथं बसून काय करून राहिला? लाग ना गा कामाले!" असं खेकसून त्यांनी उशाखालची वही माझ्या हातात कोंबली.

मी एका कचेरीत कारकून झालो होतो. ते सांगायचा धीर झाला नाही. "लागतो, सर," म्हणालो आणि वही घेऊन निघालो.