पलंगाजवळची पेटी

नवऱ्याला सांगितले नाही, बहिणीला नाही, कवितेतही कधी उतरू दिले नाही. तुम्हाला सांगते आहे. गोष्ट एका लोखंडी पेटीची — बटणांच्या मागे भिंतीत बसते ना, तेवढ्याशा पेटीची. त्यात काय सांगायचे, असे तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटून घ्यायचे होते.

परभणीत घर बांधत होतो. गिलाव्याआधी उघड्या विटांवर बटणांच्या खुणा करायच्या होत्या. पेट्या मीच निवडल्या — प्लास्टिकच्या उथळ नकोत, लोखंडी, खोल घ्या. उथळ पेटीत तारा कोंबल्या की तापतात. खोल्यांत ओल्या सिमेंटचा गार वास होता. सासूबाई पिंगळीहून आल्या होत्या. गुडघ्यांनी त्या बेजार. आपला पलंग येणार तिथे त्यांनी पोते अंथरले, आडव्या झाल्या, हात लांब केला आणि विटेच्या तुकड्याने भिंतीवर रेघ ओढली.

"हितं. पंख्याचं अन् दिव्याचं. निजल्या निजल्या हात पुरला पायजे."

वायरमन सलीमभाई हसले. "आजी, असं माप इंजिनिअरबी घेत न्हाई."

"त्याचे गुडघे कुठं दुखतेत?"

सासूबाई पिंगळीला परतल्या, आणि त्याच दिवशी सलीमभाईंनी वीट फोडून पेटी बसवलीही. कड गिलाव्याच्या पातळीत यावी म्हणून दोरी धरून.

आणि मग त्या संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन त्याच भिंतीवर उतरलेले मी पाहिले. मध, केशर, राख — एकामागून एक रंग. मला ती भिंत कोरी हवी झाली. सलीमभाईंना म्हणाले, सासूबाईंचा विचार बदलला, पेटी काढा. सासूबाईंना नंतर म्हणाले, तिथे आतून सिमेंटचा खांब निघाला, पेटी बसत नाही. दोघांना दोन खोट्या गोष्टी — आवाज जराही कापला नाही.

बटणे दाराशी राहिली. सासूबाई राहायला आल्या. उन्हाळ्याच्या दुपारी हाक यायची, "सूनबाई, पंखा." मी उठायचे. पण कशी? — चपला घासत, बटण जरा जोरात दाबत. त्यांना ते कळत नसेल? हाका कमी झाल्या. एकदा आत गेले, तर उशी घामाने भिजलेली, आणि त्या पदराने वारा घेत होत्या. हाक का नाही मारली, विचारले.

"तू लिहायलीस न्हवं. उगं कशाला."

तरीही मी काही केले नाही.

पुढे सलीमभाई स्वयंपाकघरातले बटण बदलायला आले. सासूबाईंनी त्यांना खोलीत बोलावून विचारपूस केली, आणि सहज म्हणाल्या, "हितं खांब निघाला म्हणं. न्हाई तर तुमी बसवलीच असती."

सलीमभाईंनी भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिथे खांब नाही, हे त्यांच्याहून अधिक कुणाला ठाऊक असणार? बोलले मात्र एवढेच, "वहिनी, फोडायचं कामच न्हाई. वरून पट्टी मारून वायर आणतो. आत्ता होऊन जाईल."

आत्ता झाले असते. आणि मी काय म्हणाले? — "नको. भिंत वाईट दिसेल."

सासूबाई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. रागाने नाही.

"राहू द्या बाबा," त्या सलीमभाईंना म्हणाल्या. "तिची भिंत लय देखणी हाय."

त्यानंतर पंख्यासाठी त्यांनी मला कधी हाक मारली नाही. आणि त्या होत्या तोवर मी ती पट्टी मारून घेतली नाही.