बाबांचा डावा डोळा

पेणच्या एसटी स्टँडवर बाबा मला सोडायला आले ते थेट मिठागरातून. पोटरीपर्यंत चिखल सुकलेला, खांद्यावर टॉवेल. पनवेलची गाडी लागली, मी बॅग वर चढवली आणि खिडकीतून त्यांना म्हटलं, "येते." ते माझ्याकडे न बघता गाडीच्या पाटीकडे बघत म्हणाले, "देवाचे डोळे करत व्हतीस, आता मान्सांचे करायला चाललीस. उलटाच रस्ता तुझा." आई स्टँडवर आलीच नाही. घराच्या दारातच तिनं सांगून टाकलं होतं, "जा गो मंजू. हात हाय तुझा चांगला, वाया नको घालवू."

दहावीनंतर मी पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात जात होते. आधी नुसतं रंगाचे डबे धुणं, मग सोवळ्याचे काठ, मग दागिने. पाचव्या वर्षी आखणी माझ्याकडे आली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते काम सगळ्यात शेवटी होतं आणि चुकलं तर खोडता येत नाही. एका हंगामात मी इतके डोळे काढायचे की जेवताना वरणाच्या वाटीतही मला बुबुळं दिसायची.

अशाच एका हंगामात एक डॉक्टरबाई मूर्ती ठरवायला आल्या. माहेर रोह्याचं, नोकरी हैदराबादच्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात. मूर्ती राहिली बाजूला, त्या तासभर माझ्या हाताकडेच बघत बसल्या. मग म्हणाल्या, ज्यांचा डोळा काढावा लागतो त्यांच्यासाठी आमच्याकडे खोटे डोळे बनवतात, रंगवतात. शिकशील का? मला वाटलं चेष्टा करतायत. चार महिन्यांनी मी बसमध्ये होते.

हैदराबादेत पहिले सहा महिने मला भाषा येत नव्हती आणि भात खाऊनही पोट भरल्यासारखं वाटत नव्हतं. कामाची मात्र भीती नव्हती. डोळ्याच्या खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून मेणाचा नमुना, मग अॅक्रिलिकचा डोळा, आणि शेवटी रंग. रंग तर माझ्या हातात होताच. पहिला डोळा मी केला तो कौसर आपांचा. त्या शिवणकाम करायच्या, वय पन्नाशीचं. मी जीव ओतून काम केलं होतं. पांढरा भाग स्वच्छ, बुबुळ गोल आणि तेजस्वी. आपांनी आरसा धरला, बराच वेळ बघितलं, मग डोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "ये तो गुडिया की आँख है मां. मेरी नक्को ऐसी."

मी रडले. आम्हाला काम शिकवणारे राव सर कमी बोलायचे. त्यांनी मला आपांच्या समोर बसवलं आणि म्हणाले, दुसरा डोळा बघ, आणि त्यात जे आहे तेवढंच काढ. मी बघितलं. पांढरा भाग पांढरा नव्हताच, जुन्या कागदासारखा पिवळट होता. कोपऱ्यात लाल शिरा होत्या. बुबुळाच्या कडेला राखाडी कडं, एका बाजूला तपकिरी ठिपका. सुईत दोरा ओवण्यात गेलेली तीस वर्षं होती ती. तेव्हा मी रेशमाचे लाल तंतू केसाहून बारीक करून शिरा बसवायला शिकले. आपा नवा डोळा घालून घरी गेल्या. आरशात फार वेळ बघितलंही नाही त्यांनी. राव सर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे.

एक गोष्ट मला तिथं कळायला वेळ लागला. हा डोळा घालून माणसाला काहीच दिसत नाही. तरी लोक कुठून कुठून येतात, दिवसभर रांगेत बसतात. दिसणार नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. समोरच्यानं आपल्याशी बोलताना आपल्याकडे बघावं, एवढ्यासाठी ते येतात. गाय एका डोळ्यानं चरते, तिचं काही अडत नाही. माणसाचं अडतं.

तिसऱ्या वर्षी आईचा फोन आला. बाबांचा डावा डोळा काढला होता. मिठागराच्या बांधावर काम करताना काहीतरी उडून डोळ्यात गेलं. त्यांनी धुतलं, कुणीतरी दिलेले थेंब घातले, पंधरा दिवस कुणाला बोलले नाहीत. मुंबईला नेलं तेव्हा उशीर झाला होता. मी फोनवर ओरडले, "मी डोळ्यांच्या दवाखान्यात आहे आणि मला नाही सांगितलंत?" आईनं फोन त्यांच्याकडे दिला. ते म्हणाले, "तू लांब. तुला कशाला घोर?"

तुम्ही कुणी गाव सोडून गेला असाल तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल.

गावी गेले तर बाबा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी डोळ्याचं म्हटलं तर म्हणाले, "गेला तो गेला. लोकांना दाखवायला कशाला पायजे?" मी चार दिवस होते. त्या चार दिवसांत जे कोण आलं ते बाबांशी बोलताना आईकडे बघत होतं. "जेवतात का नीट?" "झोप लागते का?" बाबा समोर बसलेले असताना. भाजीवालीनं पण त्यांचे सुटे पैसे आईच्या हातात दिले. निघायच्या दिवशी सकाळी बाबाच म्हणाले, "किती दिवस लागतील गो त्याला?"

ते हैदराबादला आले. साचा झाला, मेण झालं, आणि रंगवण्यासाठी मी त्यांना खिडकीपाशी बसवलं. रंग दिवसाच्या उजेडातच जुळवावा लागतो. गुडघ्याला गुडघा लावून मी त्यांच्या उजव्या डोळ्यात बघत बसले. असं मी त्यांच्याकडे आयुष्यात बघितलं नव्हतं. आम्ही कायम शेजारी शेजारी बसणारी माणसं. जेवताना शेजारी, बांधावर शेजारी. समोरासमोर कधी नाहीच.

मिठावरच्या उन्हानं त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून मांसाचा एक पातळ पडदा बुबुळाकडे सरकलेला होता. पांढरा भाग चहाचा डाग पडल्यासारखा. आईनं फोनवर बजावलं होतं, "चांगला सोच्छ कर गो, लग्नात व्हता तसा." मी ब्रश धरला. मी तो पडदा जसाच्या तसा रंगवला, तो पिवळेपणा रंगवला, सगळ्या शिरा बसवल्या.

दुसऱ्या दिवशी डोळा बसवला. बाबांनी आरसा घेतला. मी खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणाले, "ह्यो माझाच हाय." मग आरसा खाली ठेवून, "मला वाटलं देवासारखा करशील."

"तुम्हाला शोभला नसता," मी म्हटलं. ते हसले. डावा डोळा उजव्याच्या बरोबरीनं बारीक झाला. बसवण्यात कुठे चूक नव्हती.

मागच्या मे महिन्यात मामेभावाचं लग्न होतं, रोह्याला, नदीपलीकडच्या अष्टमी गावात. मी सुट्टी काढून गेले. मांडवात बाबांना त्यांचे जुने सोबती भेटले, पांडूकाका. दोघं एकाच मिठागरात वाढलेले, पुढे पांडूकाका कंपनीत लागले आणि रोह्यालाच राहिले. त्यांना डोळ्याचं कळलेलं नव्हतं. बाबांनी सांगितलं नसतं तर कळलंही नसतं, तेच तर माझं काम. मी पंगतीत पलीकडे बसले होते आणि ऐकत होते.

बाबा म्हणाले, "पांड्या, माझा एक डोळा खोटा हाय. कुठला, सांग बघू."

पांडूकाकांना पटेना. त्यांनी बाबांच्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवलं, अगदी जवळ जाऊन या डोळ्यात बघितलं, त्या डोळ्यात बघितलं. आजूबाजूची चार माणसं वाकली. शेवटी काकांनी उजव्याकडे बोट केलं.

"हुकलास!" बाबा ओरडले. "तो खरा हाय. डावा माझ्या पोरीनं केलाय. ती बघ, ती बसलीय." मग वाढप्यालाही थांबवून विचारलं.

आई पुटपुटली, "जाईल तिथं ह्येच करतात. गावात एक मानूस सोडला नाय."

हैदराबादेत माझं काम चांगलं झालं की ते कुणालाच दिसत नाही. माणूस डोळा घालून रस्त्यावरच्या गर्दीत मिसळतो आणि मला त्यातच समाधान आहे. घर म्हणजे काय, असं तिथं कुणी विचारलं तर पूर्वी मी खाडी, भात, असलं काहीतरी सांगायचे. आता ते सांगत नाही, तो मांडव आठवतो. त्या मांडवात सगळी पंगत जेवायची थांबून माझ्याकडे बघत होती, आणि मी भरल्या पानावरून उठता येत नाही म्हणून मान खाली घालून बसले होते. बाबा मात्र कुणाकुणाला बोलावून तोंड पुढे करत होते, नीट बघा म्हणून.