न्हाणीघरात धुतलेला फोटो

आमच्या ह्यांना, म्हणजे गेन्झोंना, कुणाला नाही म्हणता येत नाही. ओनोमिची गावातल्या चढावर चाळीस वर्षं ह्यांचं फोटोचं दुकान होतं. ते बंद केलं, आता तरी डोक्याला शांतता मिळेल म्हटलं, तर तोफूवाल्या तात्सुए आजी एक जुनी स्लाइड, म्हणजे पारदर्शक रंगीत फिल्म, घेऊन हजर! आजी शहाऐंशीच्या, आणि दहा दिवसांनी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन.

"गेन्झो, मेल्यावर फुलांच्या मधोमध ठेवायचा फोटो मला आत्ताच हवाय. सुनेवर सोडलं तर ती सहलीतला लावेल, कवळी काढलेला. मुद्दाम लावेल!"

स्लाइड आजींच्या नवऱ्याने काढलेली. निळ्या किमोनोतल्या, पस्तिशीतल्या आजी खळखळून हसतायत. त्याच्या हातचा एवढा एकच फोटो उरलेला.

"नातवाला सांगा ना, कॉम्प्युटरवर काढून देईल," मी म्हटलं.

"दिला की! मेणाची बाहुली दिसतेय मी त्यात. मला गेन्झोच्या हातचाच हवा."

स्लाइडवरून थेट फोटो उतरवायचा खास कागद बनायचा कधीच बंद झालाय, हे ह्यांना पक्कं ठाऊक. तरी म्हणाले, "बघतो." ह्यांचं 'बघतो' म्हणजे माझ्या जिवाला घोर.

दुकानाबरोबर अंधारखोलीही गेली होती. मग काय, माझं न्हाणीघर! खिडकीला काळं कापड, टबाच्या झाकणावर रसायनांचे ट्रे. मी रोज टॉवेल घेऊन गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहात. तिथल्या बायका विचारायच्या, "काय गं, भांडलात की काय?"

आधी ह्यांनी स्लाइडची निगेटिव्हवर नक्कल काढली आणि तिच्यावरून फोटो केला. आजींचा चेहरा मुळ्यासारखा पांढराफटक, किमोनो काळाठिक्कर. मग दुसरी युक्ती. साधाच रंगीत कागद; त्याच्यावर स्लाइडचे रंग उलटे उतरतात, म्हणून तो आधी कृष्णधवल फोटोच्या रसायनात बुडवायचा, मग चक्क दिवा लावायचा आणि मग रंगीत रसायनात टाकायचा. चाळीस वर्षं अंधारखोलीचं दार किलकिलं झालं तरी माझ्यावर खेकसणारा हा माणूस आता आतून ओरडत होता, "अगं, दिवा लाव!"

आजी कधी जांभळ्या निघाल्या, कधी हिरव्या. नवव्या दिवशी शेवटच्या कागदावर मात्र हुबेहूब! गालांवरची लाली, किमोनोचा निळा रंग, सगळं. मीसुद्धा "वा!" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात भरती व्हायचं, म्हणून आजी संध्याकाळीच आल्या. फोटो हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"गेन्झो, अरे, माझा किमोनो बघ."

आम्ही वाकून पाहिलं. उजवी बाजू डावीवर! असा किमोनो आमच्याकडे फक्त प्रेताला नेसवतात. ह्यांनी फोटो मोठा करायच्या यंत्रात स्लाइड उलटी घातली होती, म्हणून डावं-उजवं पालटलं. नऊ दिवस रंगच बघत बसले, आणि मी बघत होते माझा टब. कागद संपलेला. नवा मागवायला वेळ कुठला?

ह्यांनी चटईला डोकं टेकलं. "आजी, मी गाढव आहे."

"आहेसच," आजी म्हणाल्या. मग त्यांना हसूच फुटलं, अगदी फोटोतल्यासारखं. "अरे, मेल्यावर लावायचा ना? मग बरोबरच आहे की! पण जगले तर सरळ करून द्यायचा. कबूल?"

"कबूल," हे म्हणाले.

आजी गेल्या. ट्रे उचलले, न्हाणीघर मला परत मिळालं. एवढी त्यासाठी भांडले, आणि आता टबात बसलं की नुसती धास्ती वाटायची. आजींची सून रोज काहीबाही सांगायची, कधी बरं, कधी वाईट. ह्यांनी मुकाट्याने नवा कागद मागवून ठेवला होता.

ऑपरेशननंतर विसाव्या दिवशी दारात काठी वाजली. आजी! एका हातात तोफूचा डबा, चेहरा उतरलेला, पण जीभ तशीच.

"गेन्झो, तुझा फोटो चुकलाय. सरळ करून दे."

हे चष्मा शोधायला लागले. मी न्हाणीघरात गेले, माझा टॉवेल काढला आणि खिडकीला काळं कापड लावलं.