सूनमुखाचा फोन

तंजावूरात आम्हाला कुणाची निंदा करायची असली, तर ती आम्ही त्या माणसाच्या समोर बसून करतो. पाठीमागे बोलणं असभ्यपणाचं, आणि तशी गरजही पडत नाही, कारण आम्ही ती मराठीत करतो.

आमच्या लोकांची ही सोय पिढ्यान्पिढ्या चाललेली आहे. भाजीवालीशी तमिळमध्ये हसून बोलायचं आणि त्याच हसऱ्या चेहऱ्यानं बायकोला मराठीत सांगायचं, "वांगी किडकी आहेत, चल." माझे वडील डॉक्टरसमोर जीभ बाहेर काढून बसायचे, आणि जीभ आत गेल्याबरोबर आईला म्हणायचे, "ह्याला काही येत नाही, आपण कुंभकोणमला दाखवू." डॉक्टर विचारायचा, काय म्हणतायत? आई सांगायची, तुमच्या हाताला गुण आहे म्हणतायत. अशा घरात मी वाढलो. पुढं वीज खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली. शेजारच्या टेबलावर आमच्यातलाच एक रामचंद्रराव होता. त्याच्याकडे बघून मी चार वरिष्ठांना त्यांच्यादेखत गाढव म्हटलं, आणि चौघांनीही माझ्या निरोपसमारंभात माझ्या गोड स्वभावावर भाषणं केली. (चौथ्याचे तर डोळे भरून आले होते.)

आता मुलाकडे येतो. आमचा एकुलता एक श्रीधर तिरुचीला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. आमच्यातल्या मुली बघून बघून मी थकलो आणि नकार देऊन देऊन तो थकला. मग एक दिवस त्यानं सांगितलं, लग्न करीन तर कयल्विळीशी. कयल तमिळ, कृषी खात्यात अधिकारी, नेमणूक इथून जवळच, तिरुवैयारुच्या बाजूला. गुडघाभर चिखलात उभं राहून भाताच्या रोपांवरच्या किडी मोजते. मुलगी हुशार, स्पष्ट बोलणारी, आणि मराठीचं एक अक्षर न येणारी. या शेवटच्या गुणामुळे मी लगेच होकार दिला, हे आता कबूल करायला हरकत नाही.

साखरपुडा झाला. लग्न महिन्यावर आलं. आमच्यात लग्नानंतर सूनमुख असतं. सासू आरशात नव्या सुनेचं तोंड बघते आणि तिच्या हातात काहीतरी ठेवते. आमच्या घराण्यात सोनं ठेवतात. पण कयलनं माझ्या बायकोला, कमलाला, सरळ सांगितलं (सासूला ती तमिळ रीतीनं अत्तै म्हणते आणि मला मामा), "अत्तै, सोनं नको. ते घालून शेतात जाता येत नाही. माझा फोन परवा कालव्यात पडला. फोन द्या."

"फोन तर फोन," कमला म्हणाली. "तूच ये निवडायला."

रविवार ठरला. पण त्या रविवारी फोनपेक्षा मोठी गोष्ट ठरायची होती. लग्नानंतर दोघं राहणार कुठं? तिरुचीला श्रीधरनं एक भाड्याचं घर बघून ठेवलेलं होतं. आमचं घर इथं होतंच. त्याला तिरुची सोयीचं, तिला तंजावूर. श्रीधरनं निर्णय तिच्यावर सोपवला होता आणि ती म्हणाली होती, "रविवारी येते, तेव्हा सांगते." कमलानं त्या आठवड्यात तीन देवळं केली. मी वरकरणी पेपर वाचत होतो.

श्रीधरचा शनिवारी फोन आला. "अप्पा, तिच्यासमोर मराठीत बोलू नका. तिला वाईट वाटतं."

"मी कशाला बोलतोय?"

"तुम्ही बोलता."

मी शब्द दिला. आणि तो पाळलाही, रविवारी संध्याकाळी साडेचारपर्यंत.

दुकान जुन्या बसस्टँडजवळ. आत गारठा आणि भिंतीवर एकाच वेळी चार टीव्ही. विकणारा पोरगेला, गळ्यात ओळखपत्र, आणि मी काही विचारायच्या आधी उत्तर देणारा. त्यानं काउंटरवर दोन फोन ठेवले. एक पंधरा हजारांचा. प्लॅस्टिकची पाठ, बॅटरी दोन दिवस चालेल अशी, पडला तरी उचलून खिशात टाकावा असा. दुसरा अठ्ठेचाळीस हजारांचा. अगदी वरच्या दर्जाच्या फोनपेक्षा एकच पायरी खाली, असं तो म्हणाला. काचेची पाठ, तीन कॅमेरे, किडीच्या पायावरचा केस दिसेल म्हणे.

मी स्वस्त फोन हातात घेतला आणि नारळ बघतो तसा कानाजवळ नेऊन टकटक वाजवून बघितला. माझा निर्णय तिथंच झाला. सूनमुखाला फोन द्यायचा, पण हाच द्यायचा. जगबुडी आली तरी हाच.

कयलनं दुसरा उचलला. पोरगा तिला त्यातल्या एकेक करामती दाखवत होता. फोटो दाखवले, आवाज दाखवला, मग "मॅडम, ह्यात भाषांतरपण आहे, बघा, चालूच करून ठेवतो," असं काहीतरी म्हणाला. मी लक्ष दिलं नाही. मी कमलाकडे वळलो. हसलो. मराठीत भांडताना आमच्याकडे दात दिसावे लागतात.

"स्वस्त घ्यायचा," मी म्हणालो.

"महाग घ्यायचा," कमलाही हसत म्हणाली. "सोनं वाचलं ना तुमचं? मग?"

"चिखलात उभी राहणारी मुलगी. काच घेऊन काय करणार? एक कालव्यात टाकला, दुसरा कावेरीत टाकेल."

"लोक काय म्हणतील? तंजावूरकरांनी सुनेला पंधरा हजारांचा फोन दिला."

"लोकांना किंमत दिसत नाही. वर झकपक कव्हर घालू. आणि हा पोरगा चोर आहे. दोन हजार तरी वर लावलेत, तोंडावरनं कळतंय."

चोर आमच्याकडे बघून नम्रपणे हसला. कयल महाग फोन दोन्ही हातांत धरून खाली बघत होती. मला वाटलं, मुलगी कंपनीनं दिलेली माहिती वाचतेय. अभ्यासू आहे, म्हणून मनात कौतुकही केलं.

"हे बघ," मी कमलाला म्हणालो, "महाग फोन मी द्यायला तयार आहे. पण एक वर्षानं. आधी वर्षभर बघू, सून कशी निघते. खात्यात सुद्धा माणसाला लगेच कायम करत नाहीत."

"अहो, सून आहे ती. लाइनमन नाही."

"लाइनमन बरा. त्याचा बाप जेवायला येत नाही. हिच्या वडलांनी साखरपुड्याला अकरा वडे खाल्ले. मी मोजले."

"मोजत काय बसलात? पाहुण्यांचे वडे मोजतं का कुणी?"

"तू सांबाराबद्दल बोल ना. दुपारी तिनं आणलेलं सांबार बघून तूच म्हणालीस, डाळ बघायला चष्मा लागेल."

"ते मी स्वयंपाकघरात म्हटलं होतं," कमला म्हणाली. तिचं हसू आता जरा ताठलं होतं. "पाणचट होतंच. पण शिकेल. मी शिकवीन. ती इथं राहिली तर ना! तुमच्या अशा आखडत्या हातानं ती राहील वाटतं? आज सांगणार आहे ती. आणि आज तुम्हाला तेहेतीस हजार दिसतायत. जाऊ दे तिरुचीला. बसा मग पेपर वाचत."

हे मात्र मला लागलं. वर्मी लागलं. माझे दात मिटले.

"मला नको आहे का ती दोघं घरात?" मी म्हणालो, आणि माझा आवाज बहुधा चढला. "वरच्या खोलीला रंग कुणी दिला? तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा मी माणूस लावून रंग देऊन घेतला. तुला सांगितलं नाही. ती नाही म्हणाली तर तू रडशील म्हणून नाही सांगितलं. ही गेली तिरुचीला, तर मी बोलणार कुणाशी? तुझ्याशी? तुझं मला सगळं पाठ आहे. ही पोरगी मला उलट उत्तर देते, बरं वाटतं मला. पण म्हणून काय अठ्ठेचाळीस हजार..."

"सार," विकणारा पोरगा तमिळमध्ये म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "सार, मी चोर नाही. किंमत कंपनीचीच आहे. डब्यावर छापलीय."

मी त्याच्याकडे बघितलं. मग कमलाकडे. कमला कयलकडे बघत होती. कयलनं फोन हळूच आमच्याकडे वळवला.

पडद्यावर तमिळ होतं. ओळीखाली ओळ, वरपासून खालपर्यंत, माझं सगळं बोलणं. आणि कसलं तमिळ! माझं घरगुती, आडवंतिडवं मराठी त्या यंत्रानं सरकारी परिपत्रकासारखं करून ठेवलं होतं. "वधूचे वडील अधिक प्रमाणात भोजन करतात." "सुनेस एक वर्षानंतर कायम करण्याबाबत विचार करण्यात येईल." पूर्वजांनी इतकी वर्षं सांभाळलेलं गुपित त्या पोराच्या अंगठ्यानं उघडं पडलं होतं, आणि खाली एक बारीकसा ठिपका अजूनही लुकलुकत होता. म्हणजे ते ऐकतच होतं. मी "अय्यो" म्हणालो. त्यानं तेही लिहून घेतलं.

श्रीधरला दिलेला शब्द आठवला. वरची खोली आठवली. आता ही आपल्या बापाला फोन करेल, बाप आपल्या भावांना, आणि लग्नपत्रिका रद्दीत जातील, असं सगळं डोळ्यांपुढून गेलं. मला खरोखर भीती वाटली. निवृत्तीनंतर पहिल्यांदा.

"कयल," मी तमिळमध्ये सुरुवात केली, "हे यंत्र चुकीचं..."

"मामा, एक विचारू?" ती म्हणाली. तिनं बोटानं पडदा वर सरकवला आणि हजेरी घेतल्यासारखी एकेक ओळ घेतली. "हे एक वर्ष लग्नापासून धरायचं की साखरपुड्यापासून?"

मी मदतीसाठी कमलाकडे वळलो. कमला काउंटरवरच्या चार्जरकडे बघत होती, जणू ती माझ्याबरोबर आलीच नव्हती.

"आणि वडे अकरा नाहीत. नऊ. वाढायला मीच होते. दोन तुमच्या पानात गेले."

"असतील," मी म्हणालो.

"सांबार पाणचट होतं, खरं आहे. घाईत केलं. अत्तै, पुढच्या वेळी तुम्ही शेजारी उभ्या राहा."

"राहीन ग बाई," कमला घाईघाईनं म्हणाली. मराठीतच. पडद्यावर आणखी एक ओळ उमटली.

मी तमिळमध्ये कळवळून सांगितलं, "कयल, तू हाच घे. अठ्ठेचाळीस हजारांचा. आत्ता. वर्षबिर्ष काही नाही. मी हट्टच धरतो म्हण हवं तर."

"नको, मामा. मी आले तेव्हाच स्वस्त घ्यायचा ठरवून आले होते. बॅटरी दोन दिवस टिकते, पडला तरी चालतो. चिखलात काच कशाला?"

"नाही, नाही. हाच घे."

"नको म्हणते ना."

ज्या पंधरा हजारांच्या फोनसाठी मी अर्धा तास बायकोशी दात काढून भांडलो होतो, तोच फोन ती मागत होती आणि मीच तो देईना. विकणारा पोरगा एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. शेवटी चोर ठरलेल्या त्या बिचाऱ्यानंच तोड काढली. म्हणाला, "सार, मॅडमना हवा तो द्या. मॅडमना माहीत आहे त्यांना काय हवंय." मी त्याची माफी मागितली. तमिळमध्ये, उघडपणे, आणि ती माझ्या आयुष्यातली पहिलीच होती, त्यामुळे फार लांबली.

स्वस्त फोन डब्यात गेला. कयलनं महाग फोन काउंटरवर ठेवला. ठेवायच्या आधी एकदा पुन्हा खालच्या ओळी वाचल्या. बराच वेळ वाचल्या. तिनं अजून न काढलेलं माझं एकच बोलणं आता उरलं होतं, ते शेवटचं.

"मामा, वरच्या खोलीला रंग कुठला दिलाय?"

"पोपटी," मी म्हणालो.

"अय्यो. पोपटीत मला झोप नाही लागायची. दिवसभर शेतात तेच बघते. फिका पिवळा द्या. आणि खिडकीला जाळी लावा, डास असतील."

मी मठ्ठासारखा उभा. कमलाला आधी कळलं. ती भर दुकानात डोळे पुसायला लागली आणि पोरानं तिला स्क्रीन पुसायचं फडकं दिलं.

पुढच्या रविवारी मी शिडीवर होतो. पुन्हा माणूस लावायला मला दोघींनी मनाई केली होती. ज्यानं चोरून रंग दिला, त्यानंच तो काढायचा, असं ठरलं होतं. खाली कमला आणि कयल कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि कुठं पोपटी दिसतंय, कुठं ओघळ आलेत, शिडी कुठं सरकवा, हे मला ओरडून सांगत होत्या, एक मराठीत आणि एक तमिळमध्ये. माझं दुर्दैव असं, की मला दोन्ही भाषा उत्तम येतात.