पत्र्याचे डोळे

शकुंतलाबाईंची खाणावळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. कॉलेजची पोरंपोरी तिथं जेवतात, आणि पोस्टातली नोकरी संपल्यापासून मीही तिथंच जेवते, कारण एकटीसाठी चूल पेटवायचा मला भारी कंटाळा. बाई एक नंबरची फटकळ. ताटात भाकरी टाकणाऱ्या पोराला सगळ्यांसमोर विचारते, "बापानं पिकवली म्हणून टाकतोस, का माजी फुकटची म्हणून?" तिला कुणापुढं मान खाली घालताना मी कधी पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी पाहिलं, आणि मला ते बघवेना.

तिच्या स्वयंपाकघरात सगळी भांडी अॅल्युमिनियमची. आमच्याकडं त्याला अजून जर्मनच म्हणतात. हलकं असतं, झटकन तापतं, गंजत नाही. भाताचं भलंमोठं पातेलं ती एकटी उतरवते, ते पितळेचं असतं तर चार माणसं लागली असती. फक्त चिंचेची आमटी आणि ताक ती त्यात ठेवत नाही. आंबट ठेवलं की जर्मन खराब होतं आणि अन्नाला कळकलेली चव येते. चांदी तिच्याकडं थोडीच: पायातली जोडवी, हातातली अंगठी आणि नातवाची, ओजसची, वाटी-चमचा. चांदी हाताला वजनदार लागते, आणि तापण्यात जर्मनच्याही पुढं. गरम खिरीत चांदीचा चमचा ठेवून बघा, बोट भाजलंच म्हणून समजा.

पण चांदी काळी पडते. बुधवारी अंडाकरी असते, त्या दिवशी बाईंच्या हातातली अंगठी हमखास काळवंडते. "चांदीला सगळं लागतं बगा," ती मला म्हणायची. "धूर लागतो, अंडं लागतं, घाम लागतो. जर्मनला काय बी लागत न्हाय. निगरगट्ट."

काळी चांदी उजळवायची तिची युक्ती गल्लीत प्रसिद्ध आहे. जर्मनच्या पातेल्यात कडकडीत पाणी, त्यात खायचा सोडा, आणि त्यात पैंजण सोडायचे. घासायचं नाही, काही नाही. बघता बघता पैंजण पांढरे होतात आणि पातेल्याचा तळ काळपट होतो. खाणावळीतल्या पोरी परीक्षा संपल्या की गावी जायच्या आधी रांग लावतात.

तर ओजस जन्मला तो एका डोळ्यानं तिरळा. त्याची आई, बाईंची लेक भार्गवी, होटगीच्या पलीकडं एका खेड्यात दिलेली आहे. तिथल्या लगमव्वा देवीला बाईंनी नवस बोलला, पोराचा डोळा सरळ होऊ दे, तुला डोळे वाहीन. पुढं सोलापुरातच ऑपरेशन झालं, डोळा सरळ झाला, चष्मा लागला. नवस फेडायची वेळ आली.

त्या देवळात डोळे दोन प्रकारचे वाहतात. चांदीचे असले तर पुजारी ते आत, आईच्या समोर, लाल मखमलीच्या पाटीवर टाचतो. पत्र्याचे, म्हणजे हेच जर्मनचे, बाहेर भिंतीला बांधलेल्या तारेवर लटकवतात. यात कमीपणा काही नाही, अर्धं गाव पत्र्याचेच वाहतं. चांदी तेव्हा आभाळाला भिडली होती, म्हणून बाईंनी बाजारातून पत्र्याचे घेतले आणि तारेवर बांधायचे असं ठरवूनच गेल्या. नखाइतका पातळ पत्रा, पण काय चकाकत होता!

पुजारी रुद्रप्पानं ताट पुढं केलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "चांदीचे का पत्र्याचे?"

बाईंच्या मागं त्यांची विहीण शिवम्मा, तिच्या दोन जावा, शेजारणी, अशी फौज उभी होती. शिवम्मा मोठ्यानं हसली. "आमची विहीण पत्र्याचे आणंल व्हय?"

"चांदीचे," बाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि ते डोळे आत पाटीवर गेले.

हे सगळं त्यांनी मला त्याच आठवड्यात सांगितलं, कांदा चिरत. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कांद्याचं आहे असं आम्ही दोघींनी समजून घेतलं. मी म्हटलं, अहो, जा आणि सांगून टाका, आहे काय त्यात? "विहिणीसमोर? त्यापरीस जमिनीनं गिळलेलं बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढं वर्षभर काही ना काही निमित्त काढून लेकीच्या गावाला जायचं टाळत राहिल्या. भार्गवीचा फोन आला की आवाज आधीच पडलेला. असल्या गोष्टीनं एवढी मोठी बाई आतून पोखरावी याचा मला रागच यायचा.

मग गेल्या वर्षी जत्रेच्या तोंडावर शिवम्माबाई स्वतः सोलापूरला आल्या. तोंडभरून हसत त्यांनी खाणावळीत, जेवणाऱ्या पोरांसमोर सांगितलं की पाटीवरचे सगळ्यांचे डोळे काळे ठिक्कर पडलेत, आणि आमच्या विहिणीचे तेवढे अजून कालच्यासारखे पांढरेशुभ्र आहेत. आईनं खरा नवस ओळखला. हे त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं. आता जत्रेच्या आदल्या दिवशी आईची चांदी धुवायचा मान गावानं बाईंनाच दिला होता, त्यांची सोड्याची युक्ती शिवम्माबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवली होती.

आईनं काय ओळखलं ते मला चांगलं ठाऊक होतं. त्या गाभाऱ्याला खिडकी नाही. समईचा धूर, कापराचा धूर, माणसांचा घाम. खरी चांदी तिथं काळी पडणारच. पांढरं राहिलं ते निगरगट्ट जर्मन. मी शकुंतलाबाईंकडं पाहिलं, तर त्या हातातल्या रिकाम्या वाडग्यातून पोरांना वाढत होत्या.

त्यांनी मला सोबत नेलं. होटगीला उतरताना म्हणाल्या, "ते डोळे मी पाण्यात घालणार न्हाय. पाटीवरच ऱ्हाऊ देते." त्यांना ठाऊक होतं, त्या पाण्यात चांदी उजळते आणि जर्मन काळवंडतं.

देवळाच्या अंगणात चूल पेटलेली, पातेलं चढवलेलं, बायका गोल करून बसलेल्या. पुजाऱ्याची बायको मल्लव्वा आईचा मुखवटा, पैंजण, छत्री आणि पाटीवरचे डोळे आणून देत होती. बाई एकेक वस्तू पाण्यात सोडत होत्या, आणि बाहेर येताना ती चंद्रासारखी येत होती. बायका "अय्यो, अय्यो" करत होत्या. एका म्हातारीनं तर बाईंच्या पायाला हात लावला. बाईंनी पाय असा मागं घेतला की म्हातारीला वाटलं काहीतरी चुकलं.

पाटीवर शेवटी ते दोनच डोळे उरले. "ते स्वच्छच हायत, ऱ्हाऊ द्या," बाई घाईनं म्हणाल्या.

"असं कसं? आईचं सगळं संगटच न्हायला पायजे की," असं म्हणत शिवम्माबाईंनी ते स्वतःच्या हातानं उचलले आणि पाण्यात सोडले.

पत्र्यावर बारीक बुडबुडे आले. मल्लव्वानं थोड्या वेळानं झारा घालून काढले, तेव्हा डोळे मळकट, काळपट झाले होते. सगळ्या चांदीत तेवढेच. बाईंचा चेहरा मला दिसत होता, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आता कळेल, संपेल.

पण मल्लव्वानं हात जोडले. "आई गं! सगळ्यांचं काळं हिच्या डोळ्यांनी आपल्यावर घेतलं!" दुसरी म्हणाली, व्हय की. तिसरीनं डोळ्याला पदर लावला. शिवम्माबाई तर रडायलाच लागल्या, अभिमानानं. आता हे कुठं जाऊन थांबणार होतं देव जाणे. लोकांना पुसायला शाळेची पाटी दिली तर त्यावर ते पुन्हा नवं लिहितात, दुसरं काय!

शकुंतलाबाई उठल्या. हात ओले, पदर खोचलेला. "पत्र्याचे हायत," त्या म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. मग खाणावळीतल्या आवाजात म्हणाल्या, "जर्मनचे हायत ते डोळे! मी खोटं बोलले. आईनं काय घेतलं न्हाय. माज्या घरच्या पातेल्याचा बी तळ असाच काळा होतो."

रुद्रप्पा ओट्यावर बसला होता. तो खाली आला, त्यानं ते डोळे उचलले, धोतराला पुसले आणि बाहेरच्या तारेवर, इतर पत्र्याच्या डोळ्यांत नेऊन बांधले. रागावला नाही, काही नाही. "आईला पत्रा चालतो की, बाई," एवढंच म्हणाला. "तुमास्नी का चालला न्हाय?"

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर त्या ताठ उभ्या राहिल्या असत्या. या प्रश्नावर मात्र त्यांची मान जी खाली गेली ती वर येईना.

"आन मी घरोघर सांगत फिरले त्याचं काय?" शिवम्माबाईंचा आवाज चिरका झाला होता. "मी आता कुटं तोंड दाकवू?"

"मी येते तुमच्यासंगट," शकुंतलाबाई जमिनीकडं बघत म्हणाल्या. "ज्या ज्या घरी तुमी सांगितलं, तितं मी सांगते. तुमी निसत्या दारात हुब्या ऱ्हावा."

शिवम्माबाई चालू लागल्या. मागून शकुंतलाबाई, त्यांच्या मागं मी. वेशीजवळच्या पहिल्याच घराच्या ओसरीत शिवम्माबाईंची थोरली जाऊ शेंगा फोडत बसली होती. ती देवळात आली नव्हती. आम्हाला बघून तिनं हसत विचारलं, काय गं, उजळली का चांदी? शकुंतलाबाईंनी पुढं होऊन तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना.

शिवम्माबाईंनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग त्यांचा ओला हात मनगटाशी घट्ट धरला, जावेकडं वळल्या आणि म्हणाल्या, "आमचे डोळे पत्र्याचे होते, अक्का. आमी खोटं बोललो."